वृद्धांचे पडणे थांबवायचे, तर आधी ते मोजावे लागेल

आयुष्मान आरोग्य मंदिराच्या परिसरात आशाताई घरोघरी जो ‘सीबॅक’ फॉर्म भरतात, त्यात साठी ओलांडलेल्यांसाठी काही वेगळे प्रश्न आहेत. उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, हा त्यांतला एक. जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होते का, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न एकाच कागदावर, एकाच माणसाला विचारले जातात, ही गोष्ट वाटते त्याहून महत्त्वाची आहे. कारण ज्याचा तोलही गेला आहे आणि स्मरणही, असा वृद्ध पडण्याच्या सर्वाधिक धोक्यात असतो. उत्तर ‘हो’ आले तर त्या व्यक्तीला वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे, इथवर फॉर्मची मजल जाते. पुढच्या वर्षभरात ती व्यक्ती किती वेळा पडली, हे तो विचारत नाही. पडणे रोखण्यासाठी जे काही केले, त्याचा उपयोग झाला की नाही, हे मग कळणार कसे?

प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांखालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. भारतात २०११ च्या जनगणनेत साठीपुढची लोकसंख्या १० कोटींहून थोडी अधिक होती. २०२१ साठीचा अधिकृत अंदाज १३ कोटी ८० लाखांच्या घरात गेला. यांपैकी किती जणांना डिमेन्शिया, अर्थात स्मृतिभ्रंश, आहे याचे बरेच भक्कम उत्तर २०२३ मध्ये ‘लासी-डॅड’ या अभ्यासातून मिळाले. भारतातील वार्धक्याच्या दीर्घकालीन राष्ट्रीय सर्वेक्षणाचा, म्हणजे ‘लासी’चा, हा उपअभ्यास. त्यानुसार साठीपुढच्यांत हे प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते अधिक आढळले. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला पडण्याचा धोका तिच्या वयाच्या इतरांच्या साधारण दुप्पट असतो.

खुब्याचे हाड मोडल्यावरची व्यवस्था हळूहळू उभी राहते आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण आहे. ते स्वागतार्हच आहे. परंतु न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पाय घसरण्याआधीचे काम रुग्णालयाच्या बिलात मावत नाही. ते काम शिबिरांवर, व्याख्यानांवर आणि १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाच्या उत्साहावर सोपवलेले दिसते. अशा कार्यक्रमांच्या अहवालांत उपस्थितांची संख्या असते, वाटलेल्या पत्रकांची संख्या असते, समाधानी सहभागींची टक्केवारी असते. हजेरी म्हणजे परिणाम नव्हे, एवढी साधी गोष्ट या अहवालांत वारंवार विसरली जाते.

थोडे अधिक काटेकोर आयोजक ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना करतात: कार्यक्रमाआधीच्या वर्षी इतके जण पडले होते, नंतरच्या वर्षी कमी पडले. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी इथे थबकायला हवे. अशा कार्यक्रमात सहसा नुकतेच पडलेले लोक येतात. न पडलेल्याला त्याची गरज वाटत नाही. म्हणजे निवडच मुळी वाईट वर्षातल्या माणसांची होते, आणि वाईट वर्षानंतरचे वर्ष काहीही न करता बहुधा थोडे बरे जाते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हे फार स्वच्छ दिसते. पडल्यामुळे आपत्कालीन विभागात आलेले, आणि स्मृती व बोध क्षीण झालेले २७४ वृद्ध तिच्यात होते. निम्म्यांना औषधे, हृदय, चाल, घरातील अडथळे अशी सर्वांगीण तपासणी आणि उपाय मिळाले. उरलेल्यांना नेहमीचे उपचार. वर्षभरात उपाय मिळालेल्या गटातील ७४ टक्के लोक पुन्हा पडले. केवळ हाच गट पाहिला असता, तर कुणीही म्हणाले असते की सगळे पडलेलेच आले होते, आता चौथा हिस्सा पडायचा थांबला, कार्यक्रम यशस्वी. पण तुलनेच्या गटात ८० टक्के पडले होते, आणि ७४ व ८० यांतला फरक योगायोगानेही पडू शकेल इतकाच होता. तुलनेचा गट नसता, तर हा कार्यक्रम आज कदाचित दहा देशांत ‘सिद्ध’ म्हणून राबवला गेला असता.

याचा अर्थ उपायच नाहीत असा मुळीच नाही. स्वतःच्या घरी राहणाऱ्या वृद्धांसाठी व्यायामाच्या परिणामाचा जो आढावा कॉक्रेन संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात १०८ यादृच्छिक चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक माणसे होती. व्यायामाने पडण्याचा दर सुमारे २३ टक्क्यांनी घटतो, असा त्याचा निष्कर्ष. व्यायाम म्हणजे नुसते फिरणे नव्हे. तोल सावरणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, पायरी चढणे, वळणे यांचा सराव. घरातील धोके दूर करण्याविषयीचा २०२३ चा आढावाही आशादायक आहे: एकूण घट सुमारे २६ टक्के. पण त्यातली खरी माहिती त्या सरासरीच्या आत आहे. आधीच पडलेले किंवा दैनंदिन कामांत मदत लागणारे, अशा अधिक धोक्यातल्या लोकांत घट ३८ टक्क्यांपर्यंत गेली. कमी धोक्यातल्यांत ती दिसलीच नाही. सरसकट प्रत्येक न्हाणीघरात दांडी बसवण्यापेक्षा कोणत्या घरात आधी बसवायची हे ठरवणे अधिक मोलाचे, हा धडा मर्यादित पैसा असलेल्या देशासाठी फार कामाचा आहे.

मात्र हे पुरावे प्रामुख्याने श्रीमंत देशांतले आहेत, आणि अनेक चाचण्यांनी स्मृतिभ्रंश असलेल्यांना दारातच अडवले होते. दुसरे असे की निगुतीने केलेल्या चाचणीतले यश रोजच्या आरोग्ययंत्रणेत टिकतेच असे नाही. २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने दोन विशाल चाचण्या प्रसिद्ध केल्या. अमेरिकेतील ‘स्ट्राइड’मध्ये ५,४५१ जण होते, प्रशिक्षित परिचारिका प्रत्येकाचे धोके पाहून उपाय आखत होत्या. गंभीर दुखापतीच्या प्रमाणात निःसंदिग्ध म्हणता येईल अशी घट झाली नाही. इंग्लंडमधील ‘प्रीफिट’मध्ये सत्तरीपुढचे ९,८०३ जण होते, पत्राने दिलेल्या सल्ल्याच्या जोडीला धोक्यातल्यांना व्यायाम किंवा सर्वांगीण तपासणी दिली, तरी अस्थिभंग कमी झाले नाहीत. दोन्ही देशांतल्या आरोग्ययंत्रणा भारताच्या कितीतरी पट सुसज्ज. तिथे जे सहज साधले नाही ते इथे पत्रकावर साधेल, ही अपेक्षा भाबडी आहे.

सद्हेतूने केलेला उपाय कधी उलटतोही. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रिया होत्या. त्यांतल्या निम्म्यांना वर्षातून एकदा ड जीवनसत्त्वाची ५ लाख युनिटची मात्रा दिली गेली. हाडे बळकट व्हावीत, पडणे कमी व्हावे म्हणून. झाले उलटे. त्या स्त्रिया तुलनेच्या गटापेक्षा १५ टक्के अधिक पडल्या आणि त्यांचे अस्थिभंग २६ टक्क्यांनी अधिक झाले. भारतात ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी किती घरांत आठवड्याच्या ठरल्या वारी घेतली जाते, हे वेगळे सांगायला नको. ती मात्रा निराळी, हेतूही अनेकदा निराळा. त्यामुळे ऑस्ट्रेलियाचा निष्कर्ष तिला जसाच्या तसा लावता येत नाही. पण ‘देऊन टाकू, नुकसान तर नाही’ हा युक्तिवाद त्या चाचणीनंतर कुणी करू नये.

योगाचे उदाहरण इथे अपरिहार्य आहे, आणि थोडे नाजूकही. एका पायावर उभे राहण्याचा सराव तोल सुधारेल, हे पटण्याजोगे आहे. भारतातील वृद्धांना असे वर्ग रुचतात का, जमतात का, हे पाहणारा एक लहान अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्धही झाला. पण दहा सेकंदांऐवजी पंधरा सेकंद तोल सांभाळता येणे आणि वर्षभरात न पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली मोजायला सोपी, म्हणून तीच मोजली जाते आणि दुसरीच्या नावाने सांगितली जाते. योगाचा अभिमान बाळगणाऱ्या देशाने तर योगाची परीक्षा सर्वांत कडक घ्यायला हवी.

स्मृतिभ्रंश असलेल्यांबाबत चित्र आणखी धूसर आहे, आणि त्यामागची कारणे शिकण्यासारखी आहेत. इंग्लंडमधील ‘प्रेझ्ड’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘बीएमजे’त आले. सौम्य स्मृतिभ्रंश किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेले ३६५ जण. वर्षभरात प्रत्येकाला ५० पर्यंत उपचारसत्रे. भौतिकोपचारतज्ज्ञ आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ घरी येऊन व्यायाम, कामांचा सराव, धोक्यांचा विचार असे सगळे करवून घेत. दैनंदिन कामांची क्षमता तुलनेच्या गटापेक्षा वेगळी निघाली नाही. पडण्याचे प्रमाण थोडे कमी दिसले, पण ठामपणे सांगता येईल इतके नाही. मध्येच करोनाची साथ आल्याने भेटी खंडित झाल्या, हे ध्यानात घ्यावे लागते. सिडनीतील ३०९ जणांच्या दुसऱ्या एका चाचणीत घरचा व्यायाम आणि घरातील धोके हटवणे यांची जोड दिली होती. एकूण गटात पडणे घटले नाही. सुरुवातीला शरीराने बऱ्या स्थितीत असलेल्यांत मात्र घट झाल्याची चिन्हे दिसली. उपगटांतले असे निष्कर्ष जपूनच वाचावेत. तरीही एक शक्यता पुढे येते: स्मृती जाऊ लागली असता, पण पाय अजून साथ देत असताना हात घातला, तर कदाचित उपयोग होईल. भारतात स्मृतिभ्रंशाचे निदान बहुधा उशिरा होते. ‘वयाने होतेच’ म्हणून जी दोन-तीन वर्षे निघून जातात, नेमकी तीच कामाची असू शकतील.

आता मोजण्याच्या खऱ्या अडचणीकडे. पडणे म्हणजे काय? संशोधकांनी एकमताने ठरवलेल्या व्याख्येचा आशय असा, की व्यक्ती अनपेक्षितपणे जमिनीवर, फरशीवर किंवा खालच्या पातळीवर येऊन टेकते, ती घटना म्हणजे पडणे. ही व्याख्या खुर्ची-पलंगाच्या संस्कृतीत घडली. जिथे जेवण, झोप, पूजा, निवडणे-टिपणे सगळे जमिनीवर चालते, तिथे ‘जमिनीवर टेकणे’ ही दिवसातून वीस वेळा घडणारी सामान्य क्रिया असते. सगळा भार ‘अनपेक्षितपणे’ या एका शब्दावर येतो. भाषा तर आणखी फसवी. मराठीत माणूस आजारी पडतो, जेवणानंतर ‘जरा पडतो’, आणि न्हाणीतही पडतो. उलट न्हाणीत पडलेली आजी ‘पडले’ म्हणतच नाही. ती ‘पाय सरकला’, ‘चक्कर आली’, ‘तोल गेला, पण काही लागलं नाही’ म्हणते. लागले नाही म्हणजे पडणे झालेच नाही, अशी तिची व्याख्या असते. शिवाय पडल्याचे कळले तर बाहेर जाणे बंद होईल, ही धास्ती वेगळीच. इंग्रजी प्रश्नावलीचे भाषांतर करून एकच प्रश्न विचारणारे सर्वेक्षण यातले किती पकडेल, याचा विचार प्रत्येक भारतीय भाषेत स्वतंत्रपणे करावा लागेल.

त्यातच विस्मरण. १९८८ मधील एका गाजलेल्या अभ्यासात साठीपुढच्या लोकांचे पडणे आधी नियमितपणे नोंदवले गेले आणि नंतर त्यांना त्याविषयी विचारले गेले. किती काळातले विचारले त्यानुसार १३ ते ३२ टक्के लोकांना आपण पडलो होतो हे आठवलेच नाही. ‘गेल्या वर्षभरात पडलात का?’ हा प्रश्न म्हणूनच कच्चा मानला जातो. त्याऐवजी रोजच्या रोज नोंद आणि किमान महिन्याला एकदा तिचे संकलन, ही रीत योग्य समजली जाते. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला वर्षभराचे विचारणे तर निरर्थकच. मग अनेक अभ्यासक सोपी वाट धरतात आणि अशा व्यक्तींना अभ्यासातूनच वगळतात. मोजणे अवघड म्हणून वगळले, वगळले म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून कार्यक्रम नाही. ८८ लाख माणसे या चक्रात अडकली आहेत.

नोंद ठेवणारी दुसरी व्यक्ती घरात असते, हे भारताचे बळ. पण हे वाक्य जितक्या सहजपणे लिहिले जाते तितके ते सोपे नाही. ती व्यक्ती बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी असते. व्यायाम करून घेणारी तीच, रात्री शौचाला नेणारी तीच, आणि आता नोंद ठेवणारीही तीच. सासऱ्यांचे पडणे दोनने घटले, पण त्यासाठी सुनेचे रोज दोन तास अधिक गेले आणि तिचे शिवणकाम सुटले, तर हिशेब कसा मांडायचा? काळजी घेणाऱ्याचा वेळ, झोप आणि बुडालेली कमाई हे आकडे निष्कर्षांच्या मुख्य तक्त्यात असले पाहिजेत, परिशिष्टात नव्हे.

आणखी एक सापळा आहे. अंथरुणाला खिळलेला माणूस पडत नाही. खोलीत कोंडलेला, खुर्चीला बांधलेला किंवा औषधाने दिवसभर गुंगीत ठेवलेला माणूस सुरुवातीला कमी पडेलही. आणि पडण्याची संख्या हाच एकमेव निकष असेल, तर ते कार्यक्रमाचे यश म्हणून नोंदले जाईल. (गुंगीच्या औषधांचा हिशेब पुढे फिरतो. न्यूझीलंडमधील १९९९ च्या एका छोट्या चाचणीत झोपेच्या व तत्सम गोळ्या हळूहळू बंद केल्यावर पडणे ६६ टक्क्यांनी घटले होते. आणि अभ्यास संपून महिना होतो न होतो तोच त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी त्या पुन्हा सुरू केल्या.) म्हणून पडण्याच्या आकड्याशेजारी दुसरा आकडा हवा: ती व्यक्ती किती चालली, देवळात, कट्ट्यावर, शेजारी किती वेळा गेली. चालणे वाढून पडणे तेवढेच राहिले असेल, तर तेही यश असू शकते.

हे सगळे भारतात शक्य आहे का? गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, तो १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ गावांत उपक्रम, ४७ गावांशी तुलना, आणि प्रत्येक जन्माची व मृत्यूची नोंद. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि पुढे ती पद्धत देशभरातील आशाताईंच्या कामाचा भाग झाली. त्या यशाच्या मुळाशी करुणा होती तशीच मोजदादही होती. स्मृतिभ्रंशाबाबतचे उदाहरण गोव्यातले. तिथे ८१ कुटुंबांची चिठ्ठ्यांच्या धर्तीवर विभागणी करून, स्थानिक प्रशिक्षित कार्यकर्त्यांकरवी घरी जाऊन काळजी घेणाऱ्यांना आधार देण्याची यादृच्छिक चाचणी झाली. २००८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. काळजी घेणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला होता. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसह काटेकोर चाचणी भारतात होऊच शकत नाही, हे म्हणणे गोव्याने केव्हाच खोडून काढले आहे.

तुलनेच्या गटाला उपायापासून वंचित ठेवणे अन्यायाचे, अशी हरकत घेतली जाते. हरकत प्रामाणिक आहे, पण कोणताही कार्यक्रम देशभर एकाच सकाळी सुरू होत नसतो. काही तालुक्यांना तो आधी मिळतो, काहींना दोन वर्षांनी. हा क्रम आज मंत्र्यांचा दौरा, रिक्त पदे आणि निधीचा हप्ता यांवर ठरतो. तो चिठ्ठ्या टाकून ठरवला, की उशिरा आलेले तालुके आपोआप तुलनेचा गट होतात. कुणाचेही काही हिरावले जात नाही. अधिक न्याय्यही तेच. खर्च येईल, तो नोंदींचा. आशाताईंचे मानधन आधीच कामाच्या मानाने तुटपुंजे आहे. हे काम त्यांच्यावर टाकायचे तर त्याचे वेगळे पैसे मोजावेत, नाहीतर कागद भरले जातील आणि माहिती खोटी निघेल.

नोंदवहीसाठी मात्र नवे ॲप शोधण्याची गरज नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, गोळ्या संपण्याचा दिवस असे सगळे टिपलेले असतेच. पडण्याच्या अभ्यासांत जगभर जे साधन वापरतात तेही कॅलेंडरच. पडले त्या दिवशी फुली, लागले असेल तर तिच्याभोवती गोल, आणि शेजारी जागा: न्हाणी, उंबरठा, अंगण. महिन्याअखेर आशाताईने येऊन त्या चौकोनांतल्या फुल्या मोजायच्या, आणि आजीला नव्हे, तर त्या लिहिणाऱ्या सुनेला विचारायचे की एखादी राहिली तर नाही ना.